शेजारी उभी करा, जोडू नका

यंदा गणपतीच्या आठवडाभर आधी पुतण्याने माझ्या फोनवर एक चित्र पाठवले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचे होते, पण ओळखायला मला जरा वेळ लागला. पश्चिमेच्या अंगाला दोन नव्या खोल्या, त्यांना लागून न्हाणीघर आणि संडास, वर गच्ची, आणि माजघराची पश्चिमेची भिंत नाहीशी झालेली. तिच्या जागी नव्या-जुन्याचा मिळून एक लांबलचक हॉल. खाली संदेश होता : "काका, ही भिंत काढली की ओपन किचन मस्त होईल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, बाकी नवी भिंत जुनीत दाते ठेवून एकजीव करून देतो. तुम्ही फक्त ओके म्हणा."

मी ओके म्हटले नाही. का नाही, ते फोनवर पाऊण तास सांगितले. शेवटी तो म्हणाला, "काका, हे सगळं लिहून द्या ना." त्याच आठवड्यात आपल्या अंकासाठी लेख मागणारा फोन आला, तेव्हा दोन्ही कामे एकदम करावीत असे ठरवले. आपल्या मंडळात असे चित्र घेऊन येणारा तो एकटा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मला असे दोन-तीन फोन दरवर्षी येतात. गावचे घर जुने आहे, आईवडील थकले आहेत, मुलांना आत संडास हवा आहे, हातात चार पैसे आहेत. एक-दोन खोल्या वाढवायच्या आहेत. (संपादकांपैकी एकाने सुचवले की जुनी भिंत म्हणजे मायभूमी आणि नवी भिंत म्हणजे आपण, असे काहीतरी लिहा. ते माझ्याच्याने होणार नाही. मी चिऱ्याच्या आणि विटेच्या भिंतीबद्दल लिहितो आहे.)

माझे मत आधीच सांगतो. जुन्या लोड बेअरिंगच्या घराला खोली वाढवायची असेल तर नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवू नका. नवीला तिचा स्वतःचा पाया द्या, चारही भिंती तिच्या स्वतःच्या द्या, आणि दोघींमध्ये उघडपणे फट ठेवा. "एकजीव करून देतो" असे ज्याने म्हटले, त्याला जमिनीबद्दल चार प्रश्न विचारा.

आता हे इथल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलामुलींना पटणे कठीण जाते, आणि त्यात त्यांची चूक नाही. शारजात आपण ज्या इमारतींत राहतो त्यांत भिंत बहुधा कोणाचेच ओझे उचलत नाही. ओझे कॉलम आणि बीम उचलतात. मधली चौकट ब्लॉकने भरून टाकलेली असते. अशी भिंत काढली तर छताला कळतही नाही. गावच्या घरात कॉलम नावाची वस्तूच नसते. आढे, वासे, रिपा, कौले यांचे सगळे वजन भिंतीच्या माथ्यावर येते. भिंत ते आपल्या पूर्ण लांबीने जोत्याकडे नेते, जोते पायाकडे आणि पाया जमिनीकडे. आमच्या माजघराची पश्चिमेची भिंत हाच आमच्या घराचा कॉलम आहे, फक्त तो बावीस फूट लांब आहे.

आणि सांध्याचे म्हणाल, तर त्याचा नमुना तुमच्या घरातही असू शकेल. अंक क्षणभर बाजूला ठेवून हॉलच्या कोपऱ्याकडे पाहा. काँक्रीटचा कॉलम संपून ब्लॉकची भिंत सुरू होते तिथे पुष्कळ घरांत केसासारखी एक उभी रेघ दिसते. कॉलम आणि ब्लॉक वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि उन्हाने वेगवेगळे ताणले जातात. म्हणून गिलाव्याच्या आत तिथे जाळी ठोकतात, तरी रेघ येतेच. ती रेघ निरुपद्रवी आहे, घाबरून घरमालकाला फोन करू नका. पण विचार करा : एकाच पायावर, एकाच वर्षी, एकाच ठेकेदाराने बांधलेल्या दोन वस्तूंच्या सांध्यात जर हे होते, तर शंभर वर्षांच्या भिंतीला आज बांधलेली भिंत चिकटवल्यावर काय होईल?

काय होते ते मी स्वतः करून पाहिले आहे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, १९७७ साली शारजाला आला. रोल्याला एका खोलीत चौघे राहत. नऊ वर्षांनी, १९८६ साली, त्याने आईसाठी गावच्या घराला पूर्वेच्या बाजूने एक खोली आणि न्हाणीघर बांधायला पैसे पाठवले. दिरहम तेव्हा साडेतीन रुपयांच्या आतबाहेर होता, त्यामुळे रक्कम आमच्या दृष्टीने मोठी होती. मी पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो आणि नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती. विषय सांगायला आजही संकोच वाटतो : ओझ्याखाली मातीचे हळूहळू होणारे खचणे.

एप्रिलच्या सुट्टीत गावी गेलो, नकाशा काढला, बारा बाय चौदाची खोली आखली. गवंडी आमच्या वाडीतलाच, वडिलांच्या वेळचा माणूस. त्याने खणायच्या आधीच सांगितले, "भाऊ, एक पावसाळा जाऊ दे. नवीन भिंत बसली की मग बघू जोडायचं." मी त्याला सांध्याचे शास्त्र समजावले. जुन्या भिंतीतून एकाआड एक थराचा चिरा काढायचा, त्या खाचेत नवा चिरा अर्धा आत घालायचा, म्हणजे सांधेमोड होऊन दोन्ही भिंती एक होतील. पुस्तकात असेच होते. स्लॅबची एक कडही मी जुन्या भिंतीत खाच पाडून टेकवली, म्हणजे चौथी भिंत वाचली. गवंडी पुढे काही बोलला नाही. प्रोफेसरांशी कोण वाद घालणार!

मे महिन्यात स्लॅब पडला. राजापुरात जून ते सप्टेंबर काय पाऊस पडतो ते तिथल्यांना सांगायला नको; इथे वाढलेल्यांसाठी सांगतो की रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. आपल्याकडे १६ एप्रिल २०२४ ला शारजाच्या गल्ल्यांत कित्येक दिवस पाणी उभे राहिले, त्या पावसाचा देशातला सर्वांत मोठा आकडा अल ऐनजवळचा २५४ मिलिमीटर होता. त्याच्या बारा-तेरा पट पाऊस तिकडे एका पावसाळ्यात. दसऱ्याला गावी गेलो तेव्हा देवघराच्या भिंतीवर भेग होती. नव्या खोलीत नाही, जुन्या भिंतीत. वर पाव इंच रुंद, खाली येता येता बारीक होत जोत्यापाशी नाहीशी झालेली. ज्या खाचांत नवे चिरे घातले होते तिथले जुने चिरे नव्याबरोबर ओढले जाऊन जागेवरून सरकले होते. वर कौलांची ओळ उचलली गेली होती आणि पावसाळाभर पाणी थेट देवांच्या मागे उतरत होते. आईने देव उचलून स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवले होते. ती मला काही बोलली नाही. दादाला पत्रातही तिने कळवले नव्हते.

भेग वर रुंद आणि खाली बारीक असली की तिचा अर्थ सरळ असतो : नवे बांधकाम जुन्यापासून दूर कलते आहे, म्हणजे त्याचे बाहेरचे टोक खचते आहे. आमचे अंगण पूर्वेला उतरते. खोलीचे बाहेरचे टोक भरावावर आले होते. मी ते पाहिले होते, आणि "एवढी एकच तर खोली" म्हणून सोडून दिले होते. घराच्या जुन्या पायाखालची माती सत्तर वर्षे ओझे सोसून दाबली गेली होती, तिचे खचायचे ते कधीच खचून झाले होते. नव्या पायाखालच्या मातीचा तो पहिला पावसाळा. माझ्या हिशोबात वजन होते, क्षेत्रफळ होते, मातीची ताकद होती. काळ नव्हता. ज्याच्यावर मी प्रबंध लिहिला तोच नेमका नव्हता.

प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या काचेच्या पट्ट्या नेल्या आणि भेगेवर आडव्या, दोन्ही टोके सिमेंटने चिकटवून बसवल्या. प्रत्येकीवर तारीख लिहिली. भेग थांबली आहे की वाढते आहे हे पाहण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय, आजही तो करावा. भेग हलली की काच तडकते. पहिली पट्टी तीन महिन्यांत तडकली, दुसरी पुढच्या पावसाळ्यात. तिसरी टिकली. १९८९ साली स्लॅबला खालून टेकू देऊन आम्ही सगळे दाते कापून काढले, नव्या खोलीच्या आतून जुन्या भिंतीशेजारी चौथी भिंत तिच्या स्वतःच्या पायावर उभी केली, आणि जुन्या भिंतीचे सरकलेले चिरे चुन्यात पुन्हा बसवले. खोली फूट-सव्वा फुटाने लहान झाली. खोली बांधायला जेवढे लागले त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे तिला सोडवायला लागले. तेही दादाचेच. त्यानंतर मात्र आजतागायत तिथे भेग नाही. दोन भिंतींमध्ये दोन बोटांची फट आहे, तिच्यावर पत्र्याची पट्टी आहे, आणि खोली घरालाच लागून आहे असे आल्यागेल्याला वाटते.

जमीन हे मोठे कारण, पण एकटे नाही. दाते जुळण्यासाठी थर जुळावे लागतात. घाटावरच्या जुन्या वाड्यांची वीट पातळ आणि पसरट, आजची त्याहून जाड. कोकणातला जुना हाताने तासलेला चिरा एका मापाचा, आजचा यंत्राने कापलेला दुसऱ्या मापाचा. थर जुळत नाहीत म्हणून गवंडी मध्ये सिमेंटचे लपके भरतो, आणि बांधणीच्या नावाखाली जुन्या भिंतीला नुसती भोके पडतात. शिवाय नव्या वस्तू स्वस्थ बसत नाहीत. भट्टीतून ताजी निघालेली वीट हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगते आणि ती फूग कायमची असते. सिमेंटचा ब्लॉक उलट सुकता सुकता आकसतो. जुनी वीट हे सगळे करून मोकळी झालेली असते.

आणि सिमेंट. चुन्यात बांधलेली भिंत थोडी वाकते, थोडी श्वास घेते. तिच्यातला ओलावा दर्जांमधून बाहेर पडतो. तिला सिमेंटचा कडक मसाला लावला की ओलाव्याला दर्जांतून वाट मिळत नाही, तो विटेतून निघू लागतो आणि विटेची पापडी सुटते. मसाला विटेपेक्षा नेहमी हलका असावा, म्हणजे तुटायचेच झाले तर दर्ज तुटेल. दर्ज पुन्हा भरता येते. जोड फार पक्का केला की तुटण्याची पाळी दुसऱ्या कशावर तरी येते, आणि ती बहुधा अधिक म्हाताऱ्या, अधिक मऊ बाजूवर येते. आमच्या देवघराच्या भिंतीचे हेच झाले.

यावर एक आक्षेप मला नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. भूकंपात सुट्या भिंतीच कोसळतात, मग तुम्ही फट ठेवायला कसे सांगता? १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे आमच्या महाविद्यालयातून मी विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन लातूर-उस्मानाबादकडे पाहणीला गेलो होतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसताच बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत पडला, आणि वरचे माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खांबांचे खण उभे राहिलेले पाहिले. तिथे मी शिकलो ते असे की एका भिंतीचे दोन थर आणि एका खोलीच्या चार भिंती कोपऱ्यात घट्ट बांधलेल्याच हव्यात.

हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाही. एक खोली हा एक डबा आहे. डबा आतून जितका एकसंध तितका चांगला. पण दोन वेगळे डबे अर्धवट जोडले तर हादऱ्यात दोघे वेगवेगळे हलतात आणि जोडावर एकमेकांना फोडतात. म्हणून भूकंपविषयक भारतीय मानक, आयएस ४३२६, शेजारच्या दोन बांधकामांमध्ये फट सांगते : भिंतींच्या बांधकामाला मजल्यामागे १५ मिलिमीटर, आणि एकूण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्यांच्या घरी ऐकून तरी माहीत आहे, त्यांनी ही फट पन्नासची ठेवली तर मी अडवणार नाही. सर्वांत वाईट ती मधली अवस्था, म्हणजे गिलाव्याखाली लपवलेले चार दाते आणि "झाले एकजीव".

जोडायचेच अशा जागाही आहेत. जुन्या भिंतीचा ढासळलेला कोपरा पुन्हा बांधायचा, बंद दार विटांनी भरायचे, पडक्या भिंतीचा माथा जुन्या उंचीपर्यंत न्यायचा : तिथे पाया तोच आहे, खचणे होऊन गेलेले आहे, तिथे एकाआड एक थर शिवूनच घ्यावा, शक्यतो त्याच चिऱ्याने आणि चुन्याच्या हलक्या मसाल्याने. फक्त घाई नको, दिवसाला थोडे थर चढवावेत. आणि जिथे नवी भिंत जुनीशेजारी उभी राहून आडवी झुकू नये एवढाच आधार हवा असेल, तिथे जुन्या भिंतीला स्टेनलेस स्टीलची उभी पट्टी ठोकून तिच्यात सरकणारे दुवे नव्या दर्जांत घालतात. नवी भिंत वरखाली बसू शकते, बाजूला पडत नाही. इथल्या बांधकामांवर काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअर मंडळींच्या हातात या पट्ट्या रोज असतील. जुन्या जांभ्यात मात्र त्याचे स्क्रू किती धरतील ते आधी दोन-चार ठिकाणी ओढून पाहावे. मऊ चिऱ्यात ते बोटाने निघतात.

मग खोलीतून खोलीत जायचे कसे? खिडकीतून. जुन्या भिंतीला जिथे आधीच खिडकी आहे, तिथे तिच्या वरचे ओझे पेलायला लाकडाची किंवा दगडाची आडवी पट्टी बसवलेलीच असते. तेवढ्याच रुंदीत खिडकीखालचा भाग काढला की दार तयार होते आणि वरच्या ओझ्याच्या वाटेला धक्का लागत नाही. नवे भोक पाडायचेच झाले तर आधी टेकू, मग वरची पट्टी, आणि छिन्नी सर्वांत शेवटी. उलट क्रमाने केलेली कामे मी पाहिली आहेत. उंबऱ्यापाशी जमिनीतही फट चालू ठेवावी, वर एका बाजूला ठोकलेली पितळी किंवा लाकडी पट्टी. फटीत मसाला भरू नये, गवंड्याचा हात तिकडे आपोआप जातो. दाबली जाणारी फोमची पट्टी भरावी आणि बाहेरून पत्रा, तोही एकाच भिंतीला ठोकलेला.

पाया खणताना जुन्या पायाच्या खाली जाऊ नका. आमच्याकडची जुनी घरे बहुधा दोन-तीन फुटांच्या पायावर उभी असतात. शेजारी पाच फुटांचा चर उघडला तर जुन्या पायाखालची माती त्यात सरकते. खोल जाणे भागच असेल तर जितके जास्त खोल, त्याच्या निदान दुप्पट लांब सरका. संडासाच्या टाकीलाही हेच लागू. ती बहुतेक जण सोयीसाठी भिंतीला खेटून घेतात. आणि गच्चीचा मोह आवरा. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो, कौलारू छप्पर लाकडासकट शंभर किलोच्या आत. आपल्या आज्या-पणज्यांनीही घरे वाढवली. पडवी काढली, मागे पडवीचीच न्हाणी केली. तिला आपले खांब होते, वरून जुन्या पागोळ्यांखाली सरकवलेले हलके छप्पर होते. खांब चार बोटे खचला तर वासा थोडा तिरका होई, कौले पुन्हा रचत. त्यांनी कोणी प्रबंध लिहिले नव्हते.

खर्चाचे म्हणणे मला मान्य आहे. एक जास्तीची भिंत, तिचा पाया, शिवाय सव्वा फूट जागा जाते. पण तिचा एक फायदा अभियांत्रिकीबाहेरचाही आहे. आपल्यापैकी पुष्कळांची गावची घरे आजोबांच्या नावावरून अजून उतरलेली नाहीत. चुलते, चुलतभाऊ, आत्या, सगळ्यांचे त्यात वाटे असतात. सामाईक भिंतीत खाचा पाडून आपली खोली टेकवली की ती भिंत कोणाची, खोली कोणाची, भेग कोणाची, असे प्रश्न उभे राहतात. स्वतःच्या चार भिंतींवर उभी असलेली खोली निदान भेगेचा प्रश्न तरी वाढवत नाही. आमच्याकडे दादा गेल्यावर हा विषय निघाला होता. फार ताणला गेला नाही, त्यात त्या दोन बोटांच्या फटीचा थोडा वाटा आहे असे मी मानतो.

पुतण्याशी बोलताना मी शेवटी त्याला अल हिस्नची आठवण दिली. बँक स्ट्रीटवरचा हा किल्ला आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो आणि बाहेर फोटो काढून परत येतो. तो १८२३ सालचा. १९६९ च्या अखेरीस तो पाडायला घेतला. शेख सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी तेव्हा कैरोला शिकत होते. बातमी कळताच ते १९७० च्या जानेवारीत परत आले, तोवर एक बुरूजच उरला होता. त्यांनी पाडकाम थांबवले, उरलेल्या पायांची मापे घेतली, दारे-खिडक्या जपून ठेवल्या. पुढे ते शारजाचे शासक झाले आणि १९९६-९७ साली त्या मापांच्या आधारे किल्ला पुन्हा उभा राहिला. विद्यार्थी असताना घेतलेली मापे पंचवीस वर्षांनी कामाला आली. जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचा जो व्हेनिसचा जाहीरनामा १९६४ साली झाला, त्यात म्हटले आहे की हरवलेल्या भागाच्या जागी नवे घातले तर ते एकूण वास्तूशी मेळ खाणारे असावे, पण मुळापासून वेगळे ओळखू यावे. आपले राजापूरचे घर काही राष्ट्रीय स्मारक नाही. तरी गिलाव्याने सांधा लपवण्यापेक्षा तो दिसू द्यावा, हे मला त्यातून घेण्यासारखे वाटते. दिसणाऱ्या सांध्यावर लक्ष राहते.

म्हणून दुसऱ्या पिढीतल्या मंडळींना माझी एक विनंती आहे. हा लेख आईवडिलांकडून वाचून घेतलात तरी चालेल. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ठेकेदाराला भेटण्याआधी एक दिवस घर मोजा. प्रत्येक भिंतीची लांबी, जाडी, उंची, खिडक्या-दारे कुठे, आढे कोणत्या भिंतीवर टेकते, भेगा कुठे आणि त्या वर रुंद की खाली. अंगणाचा उतार पाहा. मागच्या पन्नास वर्षांत भराव कुठे टाकला ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते कोणत्याही नकाशात नसते. एका वहीत हे सगळे असले की माझ्यासारखा कोणीही तुम्हाला दहा मिनिटांत नीट सल्ला देऊ शकेल. नुसत्या रंगीत चित्रावरून कोणी देऊ नये.

पुतण्याने फट मान्य केली आहे. गच्चीऐवजी कौले, यावर तो विचार करतो आहे. सूनबाई कौलांच्या बाजूची आहे, त्यामुळे ते होईल. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र आमचे अजून जमलेले नाही. त्याला हॉल एकच हवा आहे. मी म्हणतो त्या भिंतीत दोन खिडक्या आहेत, दोन्हींची दारे करू, मधली नऊ फूट भिंत राहू दे. तो म्हणतो, काका, दोन दारांतून ओपन किचन दिसत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोघे गावी जाणार आहोत. पन्नास फुटी टेप आणि ओळंबा मी घेतला आहे. काचेच्या पट्ट्या इथे कुठे मिळतात ते कोणाला ठाऊक असेल तर कळवावे.